लस, टीका, रसी, ऊसि : एका वैद्यकीय संज्ञेचा तौलनिक विचार

तौलनिक साहित्याभ्यासात पारिभाषिक संज्ञांकडे सहसा लक्ष जात नाही. कवितेचा अनुवाद करताना काय निसटते याची चर्चा आपण करतो, म्हणीची करतो, शिवीचीही करतो. शास्त्रीय संज्ञा मात्र एका भाषेतून दुसरीत काहीही न सांडता जाते असे गृहीत धरले जाते. व्याख्या एकच असल्यावर नाव कोणतेही असो, ही त्यामागची भूमिका होय. प्रस्तुत लेखात एकाच संज्ञेच्या आधारे ती तपासून पाहावयाची आहे. इंग्रजीत व्हॅक्सीन, मराठीत लस, हिंदीत टीका, गुजरातीत रसी, तमिळमध्ये तडुप्पूसि. रोग होऊ न देता त्याच्याविरुद्ध शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण करणारे द्रव्य, ही व्याख्या या पाचही शब्दांना लावली जाते आणि द्विभाषिक कोश त्यांना निःशंकपणे समानार्थी ठरवतात. हे समानार्थित्व प्रत्यक्ष वापरात टिकत नाही, आणि न टिकण्याचे कारण शब्दांच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. लॅटिन ‘व्हाका’ म्हणजे गाय. एडवर्ड जेनरने १७९८ च्या आपल्या निबंधात गायीच्या देवींसाठी ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’ अशी संज्ञा वापरली. म्हणजे आज नाम म्हणून नांदणारा हा शब्द मुळात ‘गायीचे’ एवढ्याच अर्थाचे विशेषण होता. पुढे १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत लुई पाश्चरने जेनरच्या गौरवार्थ या शब्दाची व्याप्ती वाढवावी असे सुचवले, आणि ज्या द्रव्यांचा गायीशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनाही हे नाव मिळाले. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याला दिलेली ही मानवंदना होती. इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार असा तारीखवार सांगता येतो.

मराठीत असे काही घडले नाही. हिंदुस्थानातील पहिले जेनरपद्धतीचे टोचण मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला झाले. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेले ते द्रव्य पुढे तिच्या दंडावरील फोडातून काढून इतर मुलांना टोचण्यात आले. टोचण्याची ही साखळी दंडावरून दंडावर चालत असे. फोडातून वा जखमेतून पाझरणारा पातळ, चिकट द्रव हाच ‘लस’ या शब्दाचा जुना अर्थ आहे. आयुर्वेदातील ‘लसीका’ शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज डॉक्टर याच द्रवाला लिंफ म्हणत. तेव्हा नीट पाहिले असता ‘लस’ हा व्हॅक्सीनचा प्रतिशब्द नसून लिंफचा समांतर शब्द आहे. त्यात गाय नाही, जेनर नाही. टोचणाऱ्याच्या सुईच्या टोकावर जे दिसत होते तेवढेच आहे. गुजरातीतील ‘रसी’चीही हीच गोष्ट. रसी म्हणजे पू. आज गुजराती मातापिता बाळाला रसी देतात तेव्हा हा अर्थ त्यांच्या मनात येत नाही, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

‘टीका’ या शब्दाची नजर द्रव्यावर नाही, खुणेवर आहे. कपाळावरचा टीका आणि दंडावरचा टीका हा एकच शब्द आहे. शिवाय तो जेनरहून जुना आहे. देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचण्याची प्रथा बंगालमध्ये अठराव्या शतकात रूढ होती; हॉलवेलने १७६७ मध्ये लंडनमध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हे काम करणारा तो टीकादार. इंग्रजी शब्द जेनरपासून नवे युग सुरू झाल्याचे सांगतो, तर टीका हा शब्द जुनी प्रथा आणि नवी पद्धत यांना एकाच नावाखाली चालू ठेवतो. वैद्यकाचा इतिहास कोठून सुरू करावयाचा, याविषयी हे दोन शब्द परस्परविरोधी साक्ष देतात. (मराठीत टीका म्हणजे समीक्षा. हिंदी प्रदेशात मराठी शिकवताना ‘टीकाकार’ हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात थोडी गंमत होते. पण हे दोन टीका वेगवेगळ्या मुळांचे मानले जातात.)

येथे एक आक्षेप संभवतो. व्युत्पत्ती हा भूतकाळ आहे, बोलणाऱ्याला तो ठाऊक नसतो, मग त्याचा वापरावर परिणाम कसा होणार? याचे उत्तर पोलिओच्या थेंबांनी दिले आहे. १९९५ पासून भारतभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या या द्रव्यात सुई नाही, खूण नाही. तमिळमधील ‘तडुप्पूसि’ म्हणजे प्रतिबंधाची सुई. थेंबांना सुई कसे म्हणावे? तेथे ‘सोट्टु मरुंदु’, म्हणजे थेंबांचे औषध, असा निराळा शब्द रूढ झाला. हिंदी भाषकांनीही सामान्यतः ‘टीका’ बाजूला ठेवून ‘खुराक’ शब्द जवळ केला. मराठीत लोक पोलिओचा डोस म्हणतात हे खरे. पण ‘लस पाजणे’ हा प्रयोगही मराठीत सहज झाला. नाम जागेवर राहिले, क्रियापद तेवढे बदलले. ‘लस’ने मुळात द्रव्याला नाव दिले होते, कृतीला नाही, म्हणून कृती बदलली तरी शब्दाला धक्का बसला नाही. मूळ अर्थ बोलणारा विसरतो, शब्द विसरत नाही.

परिभाषा घडवणाऱ्यांचे मात्र या शब्दाकडे पुरेसे लक्ष गेले नसावे. ‘लसीकरण’ हा शब्द पाहावा. शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नाही त्याला शुद्ध करणे. संस्कृत व्याकरणातील च्वि प्रत्ययाचा हा अर्थ आहे. या न्यायाने लसीकरण म्हणजे जे लस नाही त्याची लस करणे! हिंदीतील टीकाकरण हा साधा समास या बाबतीत निर्दोष आहे. देशी शब्दाला संस्कृत प्रत्यय जोडला की संज्ञेला प्रतिष्ठा येते, ही आपल्या परिभाषाकारांची जुनी समजूत. सामान्य मराठी माणूस आजही ‘लस घेतली’ असेच म्हणतो, आणि ‘तुळशीचे’प्रमाणे ‘लशीचे’ म्हणतो. २०२०-२१ च्या वृत्तपत्रांत ‘लसीचे’ आणि ‘लशीचे’ ही दोन्ही रूपे शेजारी-शेजारी वावरत होती. पहिल्या रूपामागे ‘लसीकरण’चे वजन असावे असा माझा तर्क आहे. त्याच काळात रूढ झालेला ‘लसवंत’ हा शब्द मला अधिक जिवंत वाटतो. भाग्यवंताच्या पंगतीत तो सहज बसला.

साहित्याच्या अनुवादकाला हे सारे टाळता येत नाही. हिंदी कथेत दंडावरील टीक्याच्या खुणेचा उल्लेख आला आणि मराठीत तेथे ‘लशीचा वण’ असे लिहिले, तर माहिती पोचते. पण खूण आणि नाव यांची एकरूपता जाते. ‘देवी काढल्याचा वण’ असे लिहिले तर दुसरेच जग उघडते. मराठीत देवी हे रोगाचे नाव, देवतेचे नाव आणि ‘देवी काढणे’ या प्रयोगात त्या रोगावरच्या उपायाचेही नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवीनिर्मूलनाची घोषणा केली. तो रोग गेला, प्रयोग मागे उरला. येथे कोशाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. हिंदी कथेतील पात्र आपल्या दंडावर नेमके काय पाहत आहे, हे अनुवादकाला आधी ठरवावे लागते.

जानेवारी २०२३ मध्ये नाकावाटे द्यावयाचे कोविडविरोधी द्रव्य भारतात उपलब्ध झाले. हिंदी वृत्तपत्रांनी त्याला बहुतांशी नेज़ल वैक्सीन म्हटले. मराठीत ती ‘नाकावाटे द्यायची लस’ झाली.