हिरवळीचे परीक्षण

वर्तमानपत्रांत नाटकांची परीक्षणं येतात, पुस्तकांची येतात, हल्ली तर मिसळीचीही येतात. हिरवळीचं परीक्षण कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ही उणीव आपण भरून काढावी असं मलाही कधी वाटलं नव्हतं. पण २०२५ च्या ऑगस्टात आईला घेऊन धाकट्या भावाकडे, ॲरिझोनातल्या फिनिक्सला गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने आम्हाला परसात नेलं. "दादा, बघ आणि अगदी खरं मत सांग," तो म्हणाला. खरं मत मागणाऱ्याला काय हवं असतं, हे काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. मी "वा!" म्हटलं. खरं मत इथे लिहितो. त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे.

प्रथम कथावस्तू. गॉल्फमध्ये चेंडू लांबून हाणत हाणत एका गुळगुळीत हिरवळीवर आणतात आणि तिथून हलकेच ढकलत सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात घालतात. या शेवटच्या हिरवळीला पटिंग ग्रीन म्हणतात. सबंध नाटक सोडून नुसतं भरतवाक्य घरी आणावं, तशी ही हिरवळ तिकडचे लोक परसात बसवून घेतात. खरी ठेवायची तर कापा, पाणी घाला, खत घाला. म्हणून प्लॅस्टिकची.

या गवताचं घराणं मात्र मोठं आहे. १९६५ साली ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं क्रीडागार उघडलं. आत गवत खरं होतं. छपराच्या पारदर्शक तावदानांतून इतका झगझगाट येई की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला, गवत मेलं. १९६६ साली तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. म्हणजे हे गवत नावारूपाला आलं ते ऊन न पोचणाऱ्या जागी. माझ्या भावाने ते अंथरलं फिनिक्समध्ये, जिथे २०२३ साली ओळीने एकतीस दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ अंशांना, पोचत होता.

नेपथ्य उत्तम. आधी वीतभर माती उकरली. मग दगडाची कच पसरून यंत्राच्या धुम्मसाने ठोकून काढली, पाणी वाहून जावं म्हणून अलगद उतार दिला, वर आखूड पात्यांचे गालिचे अंथरले, सांधे चिकटवले, कडेने खिळे मारले आणि पात्यांत बारीक वाळू झाडूने घासून भरली. आमच्या सोसायटीचा रस्ता इतक्या निगुतीने झाला असता, तर मी कंत्राटदाराला हार घातला असता. दोष एकच. घराच्या नव्या पद्धतीच्या खिडकीवरून परतलेलं ऊन एका कोपऱ्यावर पडतं आणि तिथलं गवत चक्क वितळलं आहे. बसवणाऱ्याने याची पूर्वकल्पना दिली नव्हती.

प्रकाशयोजना भडक, आणि प्रयोग पडतो तो इथे. हिरवळीवर अनवाणी चाललं की डोळे निवतात, यावर आईची जुनी श्रद्धा आहे. विमानप्रवासामुळे तिची सकाळ दुपारी एक वाजता झाली. चप्पल दारात काढून ती परसात गेली, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला किंचाळली, "अरे, हा तवा आहे!" पुतण्या बर्फ घेऊन धावला. "आजी, आधी पाणी मारायचं असतं," त्याने समजावलं.

पाणी वाचवण्यासाठी बसवलेल्या गवतावर पाणी! युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली अशा गवताचं तापमान मोजलं होतं. ७९ अंश सेल्सिअस तापलेलं गवत पाण्याने २९ वर आलं, पाच मिनिटांत ४९ वर गेलं आणि वीस मिनिटांत ७३ वर. खरं गवत मुळांनी पाणी पितं, पात्यांतून सोडतं आणि त्यात गार राहतं. तो त्याचा रोजचा व्यवहार. इथे व्यवहार नाही, नुसता रंग. खोटी नोट उजेडात धरली की कळते. ही हिरवळही तशीच कळते.

हे मी भावाला बोललो. तो चिडला नाही. "दादा, तुमच्याकडे जुलैत गवत फुकट उगवतं," तो म्हणाला, "इथे पातंन्‌पातं नळावर जगतं." हेही खरं. कोलोरॅडो नदीच्या पाण्याची टंचाई २०२१ साली सरकारने पहिल्यांदाच जाहीर केली, आणि कपात मुख्यतः ॲरिझोनाच्या वाट्याला आली. जमेची बाजू जमेला धरलीच पाहिजे.

गणपतीच्या आदल्या दिवशी भाऊ दूर्वा आणायला वीस मैलांवरच्या भारतीय दुकानात गेला. पिवळी पडलेली एक पुडी मिळाली. मी सहज विचारलं, "इथे आधी काय होतं रे?"

"बर्म्युडा ग्रास. काढताना जीव गेला. औषध मारलं तरी पुन्हा फुटायचं."

मला शंका आली. पुतण्याच्या फोनवर पाहिलं. बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, आणि हरळी म्हणजेच दूर्वा! उष्ण प्रदेशातल्या खऱ्या पटिंग ग्रीनवरही बहुधा तिच्याच सुधारित जाती लावतात. माझ्या भावाने पैसे देऊन अंगणभर दूर्वा उपटल्या, त्यांची प्लॅस्टिकची नक्कल बसवली आणि पुडी आणायला गाडी काढली.

आई काही बोलली नाही. संध्याकाळी कोपऱ्यात वितळलेल्या जागी वाकून बघत बसली. तिथे सांध्यातून एक कोंब वर आला होता. तांदळाचं धुणं ती रोज तिथे ओतायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. भाऊ सवयीने कात्री घेऊन आला. "राहू दे," आई म्हणाली. त्याने कात्री खिशात घातली.

परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "दादा, त्या कोपऱ्यातून चेंडू नीट जात नाही. अडतो."

"मग?"

"मग काय, वळसा घालून मारतो."