सेविका, स्वयंसेविका, अधिकारी : आरोग्यव्यवस्थेतील पदनामांची चिकित्सा

आरोग्यसेवेपुढील अडचणींची चर्चा बहुधा आकड्यांनी सुरू होते. किती पदे मंजूर आहेत, किती भरली, किती रिक्त राहिली, किती लोकसंख्येमागे एक केंद्र आहे, या तक्त्यांवर समित्यांचे अहवाल उभे राहतात, आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याचे यशापयशही त्यांवरूनच ठरते. आकड्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोजण्यापूर्वी काय मोजावयाचे हे ठरवावे लागते, आणि ते शब्द ठरवितो. ज्याला 'पद' म्हटलेले नाही ते रिक्त असू शकत नाही. जिला 'कर्मचारी' म्हटलेले नाही तिची उणीव कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात उमटत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या प्रशासकीय मराठीतील काही पदनामे व पारिभाषिक शब्द घेऊन, मनुष्यबळ आणि आरोग्यातील समन्याय या दोन प्रश्नांशी त्यांचा काय संबंध पोहोचतो, हे पाहावयाचे आहे. हे काम भाषाभ्यासकाचे नव्हे, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर इतकेच की, यांपैकी एका शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे.

१९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर राज्यकारभारातील इंग्रजी पदनामांना मराठी प्रतिशब्द देण्याचे काम पद्धतशीरपणे होऊ लागले. आरोग्य खात्यातील पदनामे पाहिली असता त्यांचे दोन ठळक वर्ग पडतात. एका वर्गाच्या शेवटी 'अधिकारी' हा शब्द येतो : वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी. दुसरा वर्ग 'सेव्' आणि 'परि' उपसर्गपूर्वक 'चर्' या धातूंवर बेतलेला आहे : आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, परिचारिका, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. रुग्णालयात ज्यांना आपण स्टाफ नर्स, सिस्टर व मेट्रन म्हणतो त्यांची ही शेवटची तीन नावे होत. या मालिकेतील उपसर्गांची योजना लक्षणीय आहे. पायरी चढावी तसा उपसर्ग बदलतो, धातूचा वर्ग मात्र बदलत नाही. शेकडो खाटांच्या रुग्णालयातील शुश्रूषेची संपूर्ण व्यवस्था पाहणारी स्त्री 'अधि'पर्यंत पोहोचते, परंतु तेथेही ती 'अधिसेविका'च असते. अधिकार म्हणजे 'अधि' अधिक 'कृ'. तिच्या वाट्याला 'अधि' आला, 'कृ' आला नाही.

हा भेद केवळ लिंगाचा आहे असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. 'आरोग्यसेवक' या पदावर पुरुषच असतात, आणि वैद्यकीय अधिकारी असलेल्या स्त्रियांची संख्याही आज लहान नाही. विभागणी मुख्यतः श्रेणीची आहे. मात्र खालच्या श्रेणीत स्त्रियांची संख्या मोठी असल्यामुळे ती लिंगाची भासते, आणि काही अंशी आहेही. दुसरा अपवाद अधिक बोधक आहे. २०१८ पासून उपकेंद्रांच्या पातळीवर 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे नवे पदनाम आले. नाव अधिकाऱ्याचे, परंतु महाराष्ट्रात ही नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत कंत्राटी स्वरूपाची आणि उत्पन्नाचा एक भाग कामगिरीवर अवलंबून. म्हणजे 'अधिकारी' हा शब्द उदारपणे दिला गेला तो त्यामागील स्थैर्य काढून घेतल्यावर. ज्या उपकेंद्रात तो अधिकारी बसतो त्याचेही नाव प्रथम आरोग्यवर्धिनी केंद्र आणि २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. इमारतीचे नाव इतक्या तत्परतेने बदलता येते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या सर्व नावांत 'आशा' हे नाव स्वतंत्र विचारास पात्र आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले, आणि सर्वसाधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे गावातीलच स्त्रीची निवड करण्याचे ठरले. 'आशा' हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप होय. त्यातील शेवटच्या अक्षराने सूचित होणारा शब्द 'ॲक्टिव्हिस्ट' असा आहे; हिंदीत त्याला 'कार्यकर्ता' हा प्रतिशब्द मिळाला. महाराष्ट्राच्या शासकीय व्यवहारात मात्र 'आशा स्वयंसेविका' हा प्रयोग रूढ झाला. कार्यकर्तीची स्वयंसेविका झाली हे भाषांतर शब्दाला धरून नाही; परंतु योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांना ते पूर्णतः धरून आहे, कारण त्या सूचनांनी तिला मानसेवी मानले होते, तिला वेतन नाही हे स्पष्ट केले होते, आणि तिचे काम तिच्या नित्य उपजीविकेच्या आड येऊ नये अशी अपेक्षा व्यक्त केली होती. मराठी भाषांतरकाराने नावातील एक शब्द सोडला आणि नियमातील खरा शब्द उचलला. त्याला दोष देता येत नाही. किंबहुना इंग्रजी नावात जे झाकले होते ते मराठीत उघड झाले.

यास पूर्वपीठिका आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये केंद्र सरकारने गावोगावी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना आरंभिली. दरमहा ५० रुपये त्याला देण्यात येत. १९८० मध्ये त्याच माणसाचे नाव 'स्वयंसेवक' झाले आणि १९८१ मध्ये 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक'. चार वर्षांत तीन नावे. काम तेच, गाव तेच, रक्कमही फारशी निराळी नव्हती. बदलली ती शासनाने पत्करलेली जबाबदारी. कार्यकर्ता म्हटले की काम आले, काम आले की दाम आणि नोकरीचा हक्क यांचा प्रश्न आला; स्वयंसेवक म्हटल्याने तो प्रश्न मिटत नाही, पुढे ढकलला जातो. २००५ च्या योजनेने नावे निराळी घेतली तरी ढकलण्याची ही रीत जशीच्या तशी घेतली.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा जणांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचे पुरस्कार दिले, त्यांत भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा समावेश होता. पुरस्काराच्या नावात त्या 'नेत्या' आहेत. त्याच पुरस्काराच्या परिचयात त्या 'स्वयंसेविका' आहेत. आरोग्यक्षेत्रातील नेतृत्व म्हणजे कोण, या प्रश्नाचे इतके संक्षिप्त आणि इतके अडचणीचे उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता पैशासंबंधीच्या शब्दांकडे वळू. या स्त्रियांना जे मिळते त्याला 'पगार' म्हणत नाहीत. हा पोर्तुगीजांकडून आलेला, घराघरांत रुळलेला शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येतो, कागदावर येत नाही. कागदावर दोन शब्द आहेत : 'मोबदला' आणि 'मानधन'. 'मोबदला' हा मूळचा अरबी, फारसीमार्गे आलेला शब्द. त्यात देवघेवीचा, बदल्याचा स्पष्ट अर्थ आहे, आणि तेवढ्यापुरता तो प्रामाणिक आहे. 'मानधन' हा शब्द अधिक गुंतागुंतीचा. आजच्या मराठीत तो तत्पुरुष समासासारखा वापरला जातो : मानाखातर दिलेले धन. संस्कृत काव्यात मात्र तो बहुव्रीही आहे : मान हेच ज्याचे धन तो. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या धनुर्धरांना हे विशेषण लावलेले आहे. परंतु भारवी व्यवहार जाणणारा कवी. हे वीर राजाने धनानेही गौरविलेले आहेत, हे सांगावयास तो त्याच श्लोकात विसरत नाही. आपल्या प्रशासनाने समासाचा नवा विग्रह स्वीकारला आणि वागणूक जुन्या विग्रहाची ठेवली.

या शब्दाचा न्यायालयीन इतिहास उद्बोधक आहे. २००६ मध्ये कर्नाटकातील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या शासकीय पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे व्यवहारातील ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असे ठरविले आणि त्यांना मिळणारे मानधन हे १९७२ च्या अधिनियमाच्या अर्थाने वेतनच होय असे म्हटले. मधल्या सोळा वर्षांत सेविकेचे काम मूलतः पालटले नव्हते. शब्दाचे वाचन पालटले. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांत काम करणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार मानावे अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली. महाराष्ट्रात आशांनी २०२३ च्या अखेरीस संप केला, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ लहान नव्हती. शब्द मात्र 'मानधन' हाच राहिला.

काम अल्प व अकुशल असते तर हा शब्द एक वेळ शोभला असता. याबाबतीत गडचिरोलीचे उदाहरण निर्णायक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात अर्भकाची घरी जाऊन काळजी घेण्याचे, जंतुदोष ओळखण्याचे व प्रतिजैविक देण्याचेही शिक्षण दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ही पद्धती २०११ मध्ये काही फेरफारांसह देशभर आशांकडे सोपविण्यात आली : बेचाळीस दिवसांत सहा, बाळंतपण घरी झाले असल्यास सात गृहभेटी, आणि त्या सर्व पूर्ण झाल्यावर २५० रुपये. बालमृत्यू रोखणारे ज्ञान स्वयंसेवेच्या सदरात गेले ते असे.

जिल्ह्याच्या आरोग्यनेतृत्वाची कोंडी येथेच आहे. जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतो, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सक पाहतो. दोघांच्याही हाती नियमित पदे निर्माण करण्याचा अधिकार नाही. मंजूर पदे भरली जात नाहीत म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर माणसे घ्यावयाची, आणि तीही न मिळाल्यास शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरकडे 'अतिरिक्त कार्यभार' द्यावयाचा. 'रिक्त' आणि 'अतिरिक्त' हे एकाच 'रिच्' धातूचे शब्द : रिक्त म्हणजे रिते झालेले, अतिरिक्त म्हणजे भरून उरलेले. प्रशासन रिक्त जागा अतिरिक्ताने भरते. वस्तुतः उरलेले कोठेच काही नसते. तक्त्यात मात्र एक चौकट भरलेली दिसते, आणि दोन केंद्रांतील रुग्णांना अर्धा अर्धा डॉक्टर मिळतो. आशेचा तर या तक्त्यात प्रवेशच नाही. तिची नेमणूक होत नाही, निवड होते. ती काम सोडून गेली तर मंजूर पद रिक्त होत नाही, उद्दिष्ट अपुरे राहते.

समन्यायाच्या प्रश्नातही शब्दांनी असाच घोळ घातला आहे. इंग्रजीत ज्या दोन कल्पना वेगळ्या ठेवल्या जातात त्यांना मराठीत समानता व समता असे ढोबळ प्रतिशब्द दिले जातात, आणि दोन्ही एकच असल्यासारखे वापरले जातात. कायद्याच्या परिभाषेत 'समन्याय' हा शब्द उपलब्ध असून तो येथे अधिक उपयुक्त आहे, असे मला वाटते. मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी अनुक्रमे ३०,००० आणि २०,०००. हा निकष समानतेचा नाही, समन्यायाचा आहे : ज्याला अधिक चालावे लागते त्याच्यासाठी गणित निराळे. आपल्या नियमांत ही समज आरंभापासून आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे गणित इमारतींना लावले ते माणसांना लावले नाही. आदिवासी भागांत नवसंजीवनी योजनेखालील भरारी पथकांत जे डॉक्टर काम करतात त्यांचे पदनाम 'मानसेवी वैद्यकीय अधिकारी' असे आहे. जेथे जाणे सर्वांत कठीण तेथेच 'अधिकारी' या शब्दामागे 'मानसेवी' लागते. 'दुर्गम' हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. धडगाव, मेळघाट किंवा भामरागड दुर्गम आहे तो तालुक्याहून वा मुंबईहून निघणाऱ्यास. तेथे राहणाऱ्या गर्भवतीच्या दृष्टीने दुर्गम आहे ते रुग्णालय. शासकीय वर्गीकरणात गावे दुर्गम व अतिदुर्गम असतात. दुर्गम रुग्णालयांची यादी कोणी केल्याचे आढळत नाही.

पदनामे बदलल्याने औषधे येत नाहीत, हे कोणीही सांगेल, आणि ते खरेच आहे. महामारीच्या काळात 'कोविड योद्धा' हे नाव देऊन झाले. त्या नावाने कोणाचेही उत्पन्न वाढले नाही. म्हणून सेविकेला उद्यापासून अधिकारी म्हणावे, अशी सूचना मी करीत नाही. जे शब्द हक्क ठरवितात, उदाहरणार्थ वेतन, नेमणूक, पद व कर्मचारी, त्यांच्या कक्षेत कोणास घेतले आणि कोणास वगळले याची नोंद आरोग्यविषयक प्रत्येक अभ्यासात आकड्यांच्या आधी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. आपल्या विद्यापीठांतून सार्वजनिक आरोग्यावर प्रबंध होतात. त्यांतील तक्ते शासकीय सदरे जशीच्या तशी उचलतात, आणि वगळलेले माणूस प्रबंधातही वगळलेलेच राहते.

'गटप्रवर्तक' हे पदनाम अशा अभ्यासाचा आरंभ म्हणून सुचवावेसे वाटते. अनेक आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या या कामावरही स्त्रियाच असतात. तरी नावाला स्त्रीप्रत्यय लागत नाही आणि 'सेवा' हा शब्दही लागत नाही. प्रवर्तक म्हणजे चालना देणारा; नेत्याचा याहून नेमका पर्याय मराठीत शोधूनही सापडणार नाही. तिचे उत्पन्न मात्र नेतृत्वाला धरून नाही, ते तिने महिन्यात पर्यवेक्षणासाठी दिलेल्या भेटींच्या संख्येशी बांधलेले आहे. ही सांगड कोणत्या टिप्पणीत, कोणत्या शब्दांत प्रथम घातली गेली, याचा शोध कोणा विद्यार्थ्याने घ्यावा.