गूळ, छडी आणि मुलाचा राग

गडब आणि गागोदे ही दोन्ही गावे रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातली. गडब मुंबई-गोवा महामार्गावर असल्याने येता-जाता दिसते. गागोदे तसे आतले गाव, आणि ते आपल्याला माहीत असते ते विनोबांचे जन्मगाव म्हणून. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तेथे जन्मले आणि बालपणीची पहिली वर्षे आजोबा शंभुराव यांच्या घरात वाढले. पुढे वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, तेथे ते गेले. गागोदे आणि बडोदे या दोन घरांतल्या आठवणी विनोबांनी वेळोवेळी सांगितल्या. कालिंदीताईंनी त्या 'अहिंसा की तलाश' या हिंदी पुस्तकात एकत्र केल्या आहेत. हे पुस्तक थोर पुरुषाचे चरित्र म्हणून वाचले जाते. आम्ही येथे ते जरा वेगळ्या कारणासाठी उघडतो आहोत. राग आलेल्या मुलाशी मोठ्यांनी कसे वागावे, याबद्दल ते काय सांगते?

पहिली आठवण गागोद्याची. घरात शिकायला राहिलेल्या एका मुलाने गूळ चोरून घेतला आणि आजीने त्याला पकडले. 'चोर सापडला' अशी तक्रार आजोबांकडे गेली. आजोबांनी 'चोर' हा शब्दच मान्य केला नाही. त्याने गूळ न विचारता घेतला एवढेच खरे, असे ते म्हणाले, आणि मुलाला सांगितले की हवा असेल तेव्हा माग, मिळेल.

दुसरी आठवण वडिलांची. नरहरराव मुलाला नियमाने मारत. विनोबा थोड्या गमतीनेच सांगतात की हे मारणे शास्त्रशुद्ध होते, हाडाला इजा होणार नाही अशा बेताने. एक दिवस मार पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखे वागवावे, हे मनूचे वचन पुढे वाचनात आले तेव्हा विनोबांना त्या दिवसाचा उलगडा झाला. सोळावे लागले होते!

दोन्ही प्रसंग वडीलधाऱ्यांविषयीच्या सारख्याच आदराने सांगितलेले आहेत, आणि आमची तक्रार नेमकी येथे सुरू होते. मार बंद का झाला याचे कारण पुस्तकात मिळते. रोज संध्याकाळी मार खाणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला आतून काय वाटत होते, याला मात्र फारशी जागा नाही. सांगणारा माणूस मोठा झालेला आहे, त्याने वडिलांना केव्हाच समजून घेतले आहे, आणि त्या समजुतीखाली मुलाचा राग दबून गेला आहे.

हाच दोष, अधिक गोड रूपात, 'श्यामची आई'त आहे. दोन्ही पुस्तकांत एक दुवाही आहे: १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पोहायला जायचे नाही म्हणून लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते, हा प्रसंग अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटामुळे तर घराघरात पोचला. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये हे आईचे कारण आपल्याला पटते, तिची माया कळते, डोळे ओले होतात. पण वर्गात हा धडा घेताना आपण विचारतो ते 'आईने श्यामला का मारले?' मार खाल्लेल्या श्यामला काय वाटले असेल, हा प्रश्न आम्ही तरी कुठल्या स्वाध्यायात पाहिलेला नाही. मोठ्यांच्या रागाला कारण असते आणि मुलांचा राग हा दोष असतो, असा पाठ मग नकळत गिरवला जातो. त्यात क्रोध षड्रिपूंच्या यादीत दुसरा. शत्रूची चौकशी कोण करतो?

विज्ञान मात्र नेमकी ती चौकशी करते. १९३१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ४५ लहान मुलांच्या आयांना एक साधे काम दिले: मूल चिडले की वेळ, कारण आणि आपण काय केले ते लिहून ठेवायचे. १,८७८ नोंदी जमल्या. भुकेच्या वेळी, थकव्यात आणि आजारपणात राग जास्त येतो, हे त्यातून दिसले. यात नवे काय, असे कोणी म्हणेल. नवे हे, की 'हट्टी' या शिक्क्याच्या जागी घड्याळ आले. शाळेतल्या दुपारच्या जेवणाआधीच्या तासाला भांडणे वाढतात का, हे गडबच्या किंवा कुठल्याही गावच्या शिक्षकांना वही-पेन्सिल घेऊन महिनाभरात पाहता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

राग येतो तेव्हा छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. शरीर धोक्याला तोंड द्यायला उभे राहिलेले असते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण जो संयम मागतो, त्याची यंत्रणा अजून बांधून व्हायची आहे. (चाळिशीतल्या आम्हा मंडळींची तरी ती नेहमी चालते असे नाही.)

मग रागाचे करायचे काय? दाबू नका, बाहेर काढा, उशी बडवा, असा सल्ला पालकांच्या पुस्तकांतून सर्रास मिळतो. वाफ कोंडली की भांडे फुटेल, या उपमेवर तो उभा आहे. उपमा आकर्षक आहे, पण माणूस म्हणजे प्रेशर कुकर नव्हे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. राग आणणाऱ्या व्यक्तीचा विचार करत ज्यांनी ठोशाच्या पिशवीवर प्रहार केले ते सर्वांत जास्त संतापलेले राहिले. ज्यांनी काहीच केले नाही ते त्या मानाने शांत होते. २०२४ साली सोफी केअर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. धडधड वाढवणाऱ्या कृतींनी राग उतरत नाही, कमी करणाऱ्यांनी उतरतो, असा त्याचा निष्कर्ष. सावकाश श्वास, स्नायू सैल सोडणे, थोडे थांबणे हे त्यात येते. यातले पुष्कळ अभ्यास प्रौढांवरचे आहेत, म्हणून लहान मुलांबाबत ते बेताने लावावेत.

दुसरी गोष्ट नाव देण्याची. २००७ साली लॉस एंजेलिस येथे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतला भीती-संतापाशी निगडित अमिग्डाला हा भाग कमी उत्तेजित होतो. मराठीत तर या शब्दांची खाण आहे. रुसवा, फुरंगटणे, चीड, वैताग, त्रागा, धुसफूस, तणतण, तिडीक, संताप. रुसलेल्याला समजूत हवी असते. वैतागलेल्याला विश्रांती. आणि तिडीक बहुधा अन्यायाची असते, तिला न्यायच हवा. या सगळ्यांना आपण वर्गात एकच उत्तर देतो: 'गप्प बस.'

अन्यायाचा राग शांत करून टाकणे हे काही शिक्षण नव्हे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. नाहीतर श्वासाचे व्यायाम हेही छडीचेच मवाळ रूप ठरेल. छडीला तर कायद्यानेच मनाई आहे: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. तरीही 'आम्हीही मार खाऊनच घडलो' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते, आणि त्याला आधार म्हणून अशीच थोरांची उदाहरणे दिली जातात. विनोबा मारामुळे घडले की मार असूनही, हे एका आयुष्यावरून कधीच ठरवता येणार नाही. तुलनेला दुसरा, मार न खाल्लेला विनोबा कुठे आहे?

म्हणून ही पुस्तके कपाटात ठेवावीत असे आम्ही म्हणत नाही. गुळाची गोष्ट तर आठवड्यातून एकदा सांगावी अशी आहे. शंभुरावांनी प्रसंगाला दिलेले नाव बदलले आणि नावाबरोबर सर्वांचा पवित्राच बदलला. पकडणाऱ्या आजीचाही. प्रसंगाचा अर्थ वेगळा लावला की भावना बदलते, हे मानसशास्त्रज्ञ आज मोजून सांगतात. गोष्ट सांगून झाली की मुलांना 'आजोबा चांगले होते' असे लिहायला लावू नये. चोर म्हटल्यावर त्या मुलाला कसे वाटले असेल, आणि 'माग, मिळेल' म्हटल्यावर कसे, एवढेच विचारावे. तोच प्रश्न मग विहिरीकाठच्या श्यामबद्दल विचारावा. मुले उत्तर देतील ते फळ्यावर लिहावे, त्यांच्याच शब्दांत, 'आईचा राग आला' हेसुद्धा.