चलच्चित्र-सुगमतेचा अमेरिकी कायदा : एक आक्षेप

८ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या संदेशवहन व चलच्चित्र-सुगमता अधिनियमाचे महत्त्व वादातीत आहे. अंधांसाठी दृश्याचे शब्दवर्णन देण्याविषयीचे नियम, ते करण्याचा संदेशवहन आयोगास अधिकार नाही या कारणास्तव, २००२ साली न्यायालयाने रद्द ठरविले होते. तो अधिकार या अधिनियमाने स्पष्टपणे दिला.

कर्णबधिरांच्या बाबतीत मात्र त्याची योजना अपुरी वाटते. दूरचित्रवाणीवर उपशीर्षकांसह दाखविलेला कार्यक्रम इंटरनेटवर आल्यास तेथेही उपशीर्षके देणे बंधनकारक आहे. केवळ इंटरनेटसाठी निर्मिलेल्या कार्यक्रमास हे बंधन नाही. म्हणजे प्रेक्षकाच्या गरजेऐवजी कार्यक्रमाचा पूर्वेतिहास हाच कर्तव्याचा निकष ठरतो. नेटफ्लिक्सने सर्व चित्रपटांस २०१४ पर्यंत उपशीर्षके देण्याचे २०१२ साली मान्य केले, ते १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील दाव्यातील तडजोडीने, ही गोष्ट येथे बोलकी आहे.

आज पुष्कळ निर्मिती दूरचित्रवाणीस न शिवताच प्रेक्षकापर्यंत पोहोचते. त्यामुळे अधिनियमाचा एक शब्दही न बदलता त्याचे क्षेत्र आकुंचन पावत आहे. दुरुस्तीचा विचार करणाऱ्यांनी प्रथम हा निकषच तपासावा, असे आम्हांस वाटते.