सीएसव्ही फाइलींतील विशेष चिन्हे : मराठी नोंदींच्या संदर्भात एक चिकित्सा

स्वल्पविरामाने विभागलेल्या माहितीच्या, म्हणजेच सीएसव्ही फाइलींचे नियम याकोव्ह शाफ्रानोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये 'आरएफसी ४१८०' या टिपणात नोंदविले. नोंदीतच स्वल्पविराम असल्यास ती दुहेरी अवतरणात घालावी आणि आतील अवतरणचिन्ह दोनदा लिहावे, हा त्यातील मुख्य उपाय होय. त्यामुळे 'पंचवटी, नाशिक' हा पत्ता दोन रकान्यांत फुटत नाही. अध्यापनात विशेष चिन्हांचा विषय बहुधा येथेच संपविला जातो. मराठी नोंदींच्या दृष्टीने तो येथे सुरू होतो.

सदर टिपणाचे व्याकरण तपासले असता मजकुरासाठी त्यात केवळ आस्की चिन्हे गृहीत धरलेली दिसतात. अन्य अक्षरसंचांना मुभा आहे, पण ती व्याकरणाबाहेर. जानेवारी २०१४ च्या 'आरएफसी ७१११' ने अक्षरसंचाचा उल्लेख नसल्यास यूटीएफ-८ मानावे, असे सुचविले. एवढ्याने प्रश्न मिटत नाही.

खरा धोका 'सफाई'च्या नावाखाली होणाऱ्या गाळणीत आहे. अक्षर, अंक व रिकामी जागा सोडून सर्व काही काढून टाकणारी ओळ पायथनच्या अंगभूत 'आरई' मोड्यूलने चालविली, की स्वल्पविरामाबरोबर काना-वेलांट्याही जातात. कारण त्या तेथे शब्दचिन्हांत मोजल्याच जात नाहीत. 'नाशिक'चे 'नशक' होते! ही चूक निदान डोळ्यांना दिसते.

सुरगाणा तालुक्यातील 'बाऱ्हे' या गावाची गोष्ट अधिक गंभीर आहे. यातील अर्धा र दोन प्रकारे साठविला जातो : युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. मात्र छापता न येणारी चिन्हे काढणाऱ्या गाळणीत दुसऱ्या प्रकारातील जोडचिन्ह नाहीसे होते व 'बार्हे' उरते. गाळणी न लावली तरी संगणक या दोन नोंदी भिन्न मानतो. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. गावाच्या नावावरून लाभार्थ्यांच्या दोन याद्या जुळवायच्या असतील, तर पात्र व्यक्ती वगळली जाऊ शकते, आणि यादी पाहणाऱ्यास कारण उमगणार नाही.

म्हणून फाइल वाचण्याचे काम 'सीएसव्ही' मोड्यूलवर सोपवावे, सरसकट गाळणी टाळावी, आणि तुलनेपूर्वी र, हलन्त व जोडचिन्ह हा क्रम ऱ व हलन्त असा बदलून घ्यावा. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपावी.