वादळाची मोजदाद : डीफोचं पुस्तक आणि आपल्या वाड्या

आजचा विषय वादळ असा जाहीर झाला आहे, पण हवामानशास्त्र हा काही आपला प्रांत नव्हे. आपला प्रश्न साधा आहे. वादळ येऊन गेल्यावर एखादा समाज त्याचा हिशेब कसा मांडतो? काय मोजलं जातं, काय मोजायचं राहून जातं, आणि मोजणारा कोण असतो? त्यासाठी आपण एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊ आणि त्याच्या शेजारी आपल्या कोकणातलं अलीकडचं एक वादळ ठेवू. पुस्तकाची चिकित्सा करता करता थोडी आपली स्वतःचीही होईल. त्याला इलाज नाही.

डॅनिअल डीफो आपल्याला माहीत आहे तो 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक म्हणून. ती कादंबरी १७१९ सालची. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १७०४ साली, त्यानं 'द स्टॉर्म' नावाचं पुस्तक काढलं. १७०३ च्या नोव्हेंबरात, जुन्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे २६ आणि २७ तारखेच्या मधल्या रात्री, दक्षिण इंग्लंडवरून एक भयंकर वादळ गेलं. एडिस्टनच्या खडकावरचा दीपस्तंभ त्या रात्री नाहीसा झाला. तो बांधणारा विन्स्टन्ली नेमका त्या रात्री आतच होता, तोही गेला. गुडविन नावाच्या वाळूच्या दांड्यावर आरमाराची जहाजं फुटली. शेकड्यांनी पवनचक्क्या पडल्या, आणि काही तर पाती इतक्या वेगानं फिरली की घर्षणानं पेटल्या.

डीफोनं काय केलं? वर्तमानपत्रांतून जाहिरात दिली. गावोगावच्या धर्मोपदेशकांना आणि इतर जाणत्या मंडळींना विनंती केली की तुमच्याकडे जे घडलं ते लिहून पाठवा. पत्रं आली, त्यानं ती लावली आणि छापली. आज आपल्याला ही पद्धत ओळखीची वाटते. पण एका आपत्तीची साक्ष साऱ्या देशातून, घडल्यावर लगेच, ठरवून गोळा करायची ही कल्पना त्या काळात नवी होती. प्रस्तावनेत तो एक मार्मिक मुद्दा मांडतो. प्रवचन थोडे लोक ऐकतात, छापलेलं पुस्तक साऱ्या जगाशी बोलतं. म्हणून छापणाऱ्याच्या अंगावर खरेपणाची जबाबदारी जास्त, कारण त्याचं खोटं त्याच्यामागंही उरतं. वादळ आलं की दुसऱ्याच कुठल्या तरी वादळाची चित्रफीत मोबाइलवर पुढं ढकलणाऱ्या आपल्या पिढीनं हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावं.

पुस्तकाचं बळ कशात आहे? तपशिलात. कौलांचा भाव घ्या. वादळानंतर साधी कौलं हजारी २१ शिलिंगांवरून ६ पौंडांवर गेली, असं तो नोंदवतो. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे भाव जवळजवळ सहापट झाला. मजुरीही चढली. कौलं मिळेनात, तेव्हा लोकांनी छपरांवर फळ्या ठोकल्या. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, स्वतः डीफोचा टिलबरीला कौलांचा आणि विटांचा कारखाना होता. एका पत्रकापायी तो तुरुंगात गेला, तेवढ्यात कारखाना बुडाला. तो सुटला आणि काही आठवड्यांत हे वादळ आलं. कौलाचा भाव त्याला इतका नेमका का दिसला, हे मग वेगळं सांगायला नको. पण हा भावही वादळाच्या अनुभवाचाच भाग आहे. वारा एका रात्रीत जातो, भाव मात्र पावसाळाभर राहतो.

आता दोष. पहिला दोष स्पष्टीकरणाचा. वारा कुठून येतो हे शास्त्र्यांना नीट सांगता येत नाही, म्हणून वाऱ्यात ईश्वराचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो, असा त्याचा रोख आहे. राणीनं १७०४ च्या जानेवारीत राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळायला लावला, तोही याच समजुतीतून. पण त्याच वादळात बाथ आणि वेल्सचे बिशप किडर आणि त्यांची पत्नी अंगावर धुराडं कोसळून वारले. वादळ ही पापाची शिक्षा असेल, तर बिशपचं पाप कोणतं? सगळ्यांनाच लागू पडणारं कारण कुणालाच लागू पडत नाही.

हा वाद आपल्याकडेही झालेला आहे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता पाप आहे, यावर दोघांचं एकमत होतं. रवींद्रनाथांचं म्हणणं एवढंच की नीतीचा नियम आणि सृष्टीचा नियम यांची अशी गाठ मारू नका, कारण मग तीच गाठ कुणीही आपल्या सोयीनं मारील. आम्हाला या वादात रवींद्रनाथांची बाजू पटते. पण गांधीजींच्या बोलण्यातली एक गोष्ट टाकून देता येत नाही. आपत्ती आली की आपण काय चुकलो हे विचारावं. फक्त ते वाऱ्याला विचारू नये, एकमेकांना विचारावं.

दुसरा दोष जास्त गंभीर. डीफोच्या पुस्तकात बोलतं कोण? प्रामुख्यानं ज्यांना पत्र लिहिता येतं ते. म्हणजे धर्मोपदेशक, सभ्य गृहस्थ, जहाजांवरचे काही लोक. ज्याची झोपडी उडाली तो आकड्यात येतो. ज्या बाईचं मूल गेलं ती मृतांच्या यादीत येते. साक्षीदार विश्वासार्ह हवा, या आग्रहापोटी डीफो साक्षीदाराची प्रतिष्ठा पाहतो. प्रतिष्ठा आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या हातून सुटतं.

तरी एक प्रसंग असा आहे की तिथं पुस्तक स्वतःच्या मर्यादेबाहेर जातं. डील हे किनाऱ्यावरचं गाव. गुडविनच्या वाळूवर ओहोटीच्या वेळी शेकडो खलाशी जिवंत उभे होते, हातानं खुणा करत होते. भरती आली की बुडणार. गावातले होडीवाले मात्र वाहून आलेला माल गोळा करण्यात गुंतले होते. गावाच्या मेयरनं, सायमन प्रिचर्डनं, जकातवाल्यांकडे होड्या मागितल्या. त्यांनी नाकारल्या, तेव्हा त्यानं त्या जबरदस्तीनं घेतल्या. जिवंत आणलेल्या प्रत्येक माणसामागं पाच शिलिंग कबूल केले, आणि दोनशेहून अधिक माणसं वाचवली. आपण 'समाज', 'गाव', 'लोक' हे शब्द एकवचनी वापरतो. 'गाव एकदिलानं उभा राहिला' हे वाक्य प्रत्येक वादळानंतर छापून येतं. डीलमध्ये त्या सकाळी गाव एकदिल नव्हतं. लुटणारे आणि वाचवणारे शेजारी शेजारी होते, आणि काही जण पाच शिलिंगांमुळे एका बाजूकडून दुसरीकडे गेले असणार. म्हणून त्यांची निंदा करायचं कारण नाही. गावाचं शहाणपण कित्येकदा अशा एका माणसाच्या हट्टावर तरतं, हे ओळखलं म्हणजे झालं.

आता आपल्याकडे येऊ. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलं. नाव बांगलादेशानं सुचवलेलं. टाळेबंदीचे दिवस होते. अंतर ठेवा म्हणून सांगायचं आणि त्याच माणसांना एका शाळेच्या खोलीत निवाऱ्याला आणायचं, असा तो पेच होता. हवामान खात्यानं पूर्वसूचना दिली होती, माणसं हलवली गेली, आणि वादळाच्या मानानं जीवितहानी फारच थोडी झाली. हे यश मोठं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. १७०३ च्या लोकांना अशी सूचना मिळाली असती, तर डीफोचं पुस्तक निम्मं झालं असतं.

पण माणसं वाचली की आपण हिशेब बंद करतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, इकडे दापोली, मंडणगड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, फोन लागेनात. शासनानं आधीच्या निकषाप्रमाणे बागांना मिळणारे हेक्टरी १८,००० रुपये वाढवून ५०,००० केले. वाढ भरघोस होती. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आणि कोकणात वाडी असते ती दहा-वीस गुंठ्यांची. पोफळ २.७ मीटरवर लावतात असं धरलं, तर हेक्टरात १,३७० च्या आसपास झाडं बसतात. म्हणजे एका झाडामागं ३६-३७ रुपये. पोफळ लावल्यापासून फळाला यायला पाच-सात वर्षं जातात. यात कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती, फक्त मोजायचं माप देशावरच्या शेताचं होतं आणि नुकसान वाडीचं होतं. दर झाडामागं मदत द्या, ही मागणी मग झाली ती यासाठीच. एकक बदला, ही मागणी वरकरणी तांत्रिक दिसते. खरं म्हणजे आमचं जगणं आमच्या मापानं मोजा, असं ते म्हणणं आहे.

इथं आम्हाला घरचं सांगावं लागतं. आमच्या घराण्याची श्रीवर्धनच्या बाजूला लहानशी वाडी आहे. राबतात त्या आमच्या चुलत वहिनी. सातबाऱ्यावर मात्र चौदा नावं आहेत, त्यांत पुण्यात बसलेले आम्हीही. वादळानंतर पंचनामा झाला आणि मदतीसाठी सहहिस्सेदारांची संमती मागितली गेली. वहिनींचा निरोप आला. आम्ही म्हटलं, टाळेबंदी उठू दे, मग बघू. एका सहीला आम्ही दीड महिना लावला. त्या दीड महिन्यात आम्ही आपत्तीच्या तत्त्वज्ञानावर एक लेख लिहून पूर्ण केला, हेही सांगून टाकतो.

पुढं तिकडे गेलो तेव्हा वहिनींनी एक वही दाखवली. त्यात पडलेलं प्रत्येक झाड लिहिलेलं होतं. विहिरीकडची पोफळ, सासूबाईंनी लावलेला माड, पायवाटेवरचं जायफळ, असं. आम्ही म्हटलं, पंचनाम्यात आकडा आलाय ना? त्या म्हणाल्या, "भाऊजी, आकडा आला. सावली कुठं आली?" आम्हाला अर्थ लागायला वेळ लागला. वाडीत उंच माड, त्याखाली पोफळ, तिच्या आधारानं मिरी, आणि सावलीत जायफळ, केळ. वरचं छत गेलं की उभं राहिलेलं झाडही उन्हानं करपतं. म्हणजे न पडलेल्या झाडांचंही नुकसान होतं, पण ते पुढच्या चैत्रात दिसतं. पंचनामा तर जूनमध्येच संपलेला असतो.

डीफो केंट परगण्यात घोड्यावरून उन्मळलेली झाडं मोजत निघाला होता. १७,००० पर्यंत मोजली आणि कंटाळून सोडून दिली, असं तो प्रामाणिकपणे सांगतो. मोठ्या संख्येपुढं मन थकतं, याची ती कबुली आहे. वहिनी थकल्या नाहीत, कारण त्या संख्या मोजत नव्हत्या. डीफोनं त्यांना जाहिरात पाठवली नसती, कारण त्या ना धर्मोपदेशक, ना सभ्य गृहस्थ. आणि त्याच्या पुस्तकात नेमकी हीच वही कमी आहे.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. 'द स्टॉर्म' हे पुस्तक अजून वाचावं असं आहे, कारण आपत्तीबद्दल बोलायचं तर आधी साक्ष गोळा करा, हा धडा ते देतं. ते अपुरं आहे, कारण साक्ष कुणाची घ्यायची हे त्यानं प्रतिष्ठेवरून ठरवलं. आणि आपला पंचनामाही त्याच जागी अपुरा आहे, कारण सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो साक्षीदार, राबणारी बाई नाही. 'कोकणी माणूस पुन्हा उभा राहिला' असं कौतुक आपण करतो तेव्हा हेही विचारावं की त्याला उभं राहायला आपण किती उशीर केला.

अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली चक्रीवादळं वाढली आहेत, असं शास्त्रज्ञ सांगतात. 'निसर्ग'नंतर वर्ष व्हायच्या आत 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलंच. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची गावाकडं सामाईक जमीन आहे, त्यांनी दोन कामं करावीत. तिथं राबतं कोण आणि वाडीत काय काय आहे, हे त्या माणसाच्या तोंडून आजच लिहून घ्या, आकाश निरभ्र असताना. आणि संमतीचे जे कागद लागतात ते आधीच करून त्यांच्या हाती द्या. आमचे आम्ही दिले आहेत. उशिरा दिले, पण दिले.