संत्र्यावरील डिंक्या आणि ‘सेंद्रिय’ उपायांची चिकित्सा

फळबागांतील बुरशीजन्य रोगांसंबंधीच्या मराठी कृषिलेखनात ‘सेंद्रिय’ हे विशेषण इतक्या सैलपणे योजले जाते की त्याचा अर्थ तपासणे आवश्यक ठरते. विदर्भातील संत्र्यावर पडणारा डिंक्या हा रोग त्या दृष्टीने बोलका आहे.

बुंध्याची साल तडकून डिंक पाझरणे हे या रोगाचे दृश्य लक्षण. त्यावर प्रथम सुचविला जातो तो बोर्डो मलम : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास लावावयाचा. त्याच्या गुणाविषयी वाद नाही. परंतु मोरचूद हे खनिज लवण होय. फ्रान्समधील मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षवेलींसाठी प्रसिद्ध केलेले हे मिश्रण सेंद्रिय शेतीच्या नियमांत टिकून आहे ते पर्यायाच्या अभावी, निर्धोक म्हणून नव्हे. तांबे विघटित होत नाही. ते मातीत साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने 2019 पासून 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे अशी मर्यादा घातली.

दुसरा उपाय ट्रायकोडर्मा. तो स्वतःच बुरशी आहे, आणि तांब्याला शत्रू-मित्र असा भेद कळत नाही. तरीही दोन्ही उपाय एकाखाली एक छापले जातात. त्यांत अंतर ठेवावे, एवढे वाक्यही अनेकदा आढळत नाही.

याहून गंभीर उणीव निदानाची आहे. डिंक्यास कारण होणारा फायटोप्थोरा काटेकोर अर्थाने बुरशी नव्हेच. तो शैवालवर्गास अधिक जवळचा असून त्याचे चलबीजाणू पाण्यात पोहतात. भारी काळी जमीन आणि बुंध्याशी तुंबणारे पाटपाणी ही त्याची खरी वाट. पाणी बुंध्यापासून दूर ठेवणारे दुहेरी आळे, निचऱ्याचे चर, जमिनीपासून उंचावर बांधलेला डोळा, जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा अधिक सहनशील खुंट, ही उपाययोजना ‘सेंद्रिय’ या नावास अधिक पात्र आहे. ती बाटलीत भरून विकता येत नाही. कदाचित म्हणूनच लेखाच्या शेवटच्या ओळीत ती उरकली जाते.

अर्थात जंबेरीवरील उभ्या बागेचा खुंट बदलता येत नाही. तेथे मलम लावावाच लागेल. नव्या लागवडीची गोष्ट वेगळी. रोग पुष्कळदा रोपवाटिकेतील मातीबरोबरच बागेत येतो, आणि कलम विकत घेताना शेतकऱ्याने मुळे कशी तपासावीत, याविषयी हे लेखन मौन पाळते.